जीपीए २.९ आणि अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय? मग आधी अर्जाची घाई सोडा

दरवर्षी मे महिना आला की इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांमधून फोन सुरू होतात, "अगं, मुलीचा जीपीए तीनच्या खाली आलाय, आता मेडिकलचं विसरायचं का?" जीपीए म्हणजे कॉलेजच्या ग्रेडची सरासरी, चारपैकी मोजलेली. विसरायचं अजिबात नाही. पण लगेच अर्जही भरायचा नाही, आणि आईवडिलांना हे दुसरं वाक्यच जास्त झोंबतं. माझी भाची या सगळ्यातून गेलीये, आता डीओच्या (एमडीसारखीच डॉक्टर होण्याची इथली दुसरी डिग्री, ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची) दुसऱ्या वर्षाला आहे, तिला विचारूनच लिहितेय.

आपल्या डोक्यात बारावी आणि नीट पक्की बसलेली असते. ७२० मार्कांची एक परीक्षा, ती चांगली गेली की बारावीचे मार्क पात्रतेपुरते लागतात, बास. इथे आधी चार वर्षांचं कॉलेज, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, आणि त्या चार वर्षांतला एकेक ग्रेड अर्जात जातो. ॲमकास म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांचा (इथे एमडी हीच डॉक्टरकीची पहिली डिग्री) जो कॉमन अर्ज आहे तो तुमच्या ट्रान्सक्रिप्टवरचा जीपीए तसाच घेत नाही, स्वतः नव्याने मोजतो, एक सगळ्या विषयांचा आणि एक फक्त बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी आला म्हणून परत कोर्स घेतला आणि ए मिळवला तरी सी जात नाही, दोन्ही धरतात. डीओच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसायचा पण ती सोय २०१७ मध्ये बंद झाली, तरी अजून लोक एकमेकांना तोच सल्ला देतात, कृपया देऊ नका.

भाची एकदा आमच्या डायनिंग टेबलवर एक्सेल उघडून बसली होती. १२० क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक), जीपीए २.९. पुढे अजून ३० क्रेडिट सायन्सचे घेतले आणि सगळ्यात ए आला तर किती होईल? ३.१२. अख्खं वर्ष राबायचं, एकही बी येऊ द्यायचा नाही, आणि हातात ३.१२! तिने फॉर्म्युला परत तपासला, तोच आकडा. म्हणाली, "मावशी, मग उपयोग काय?" उपयोग असा की काही कॉलेजं तीनच्या खालचे अर्ज वाचायच्या आधीच बाजूला काढतात, ती रेघ ओलांडली जाते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ॲमकासमध्ये जीपीए वर्षावर्षाचा वेगळा दिसतो, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष असं करत खाली पोस्ट-बॅकची, म्हणजे डिग्रीनंतर घेतलेल्या कोर्सेसची, स्वतंत्र ओळ. वरच्या ओळीत २.५ आणि शेवटच्या ओळीत ४.० असं दिसलं की वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या ओळीबद्दलच आहे. एकूण आकडा फार हलत नाही, त्याच्यामागे जीव काढू नका, ती ओळ कमवा.

ती कमवायचे दोन रस्ते. पोस्ट-बॅक म्हणजे डिग्री झाल्यावर परत बॅचलर लेव्हलचेच कोर्स घ्यायचे, हे ग्रेड अंडरग्रॅडच्या जीपीएत मिसळतात. दुसरा रस्ता स्पेशल मास्टर्सचा. जॉर्जटाउनचा १९७५ पासून चालू आहे आणि तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर तेच विषय शिकायला लागतात. पण मास्टर्सचे ग्रेड वेगळ्या रकान्यात जातात, अंडरग्रॅडचा २.९ तसाच राहतो, फी प्रचंड, आणि तिथे बी-सी आले तर परत सावरायला जागाच उरत नाही. म्हणून आधीच्या दोन-तीन सेमिस्टरमध्ये ए यायला लागलेत हे दिसल्याशिवाय त्यात उडी मारू नये असं मला ठामपणे वाटतं. भाचीने स्टेट युनिव्हर्सिटीत पोस्ट-बॅक केलं, दिवसा एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या नोंदी लिहिणाऱ्या स्क्राइबची नोकरी, संध्याकाळी बायोकेम आणि फिजिऑलॉजी. थकून जायची पोर, पण पेशंटसमोर रोज बसल्यामुळे इंटरव्ह्यूत सांगायला तिच्याकडे खरं काहीतरी होतं.

एमकॅटचंही तसंच, तयारी झाल्याशिवाय "देऊन तर बघू" करू नका. आयुष्यात सातच वेळा देता येते आणि जुने स्कोअर कॉलेजांना दिसतात. स्कोअर ४७२ ते ५२८, एमडीला ॲडमिशन मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास आणि जीपीए जवळजवळ ३.८. डीओला साधारण ५०४ आणि ३.६.

आणि डीओवर आलोच आहोत तर, हे "डीओ म्हणजे खरे डॉक्टर नाहीत ना" आता थांबवा, प्लीज. मुलं हे ऐकतात आणि आतल्या आत खचतात. पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज १८९२ साली मिसुरीत निघालं, आज डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण लायसन्स मिळतं, औषधं, सर्जरी सगळं, आणि २०२० पासून एमडी-डीओ दोघांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, मान्यता एकाच व्यवस्थेखाली आहे. याउलट डीओ नको म्हणून मुलाला घाईघाईने कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांत पाठवणारे लोक बघितले की काळजी वाटते. रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या मॅचमध्ये जागा मिळण्याचं एमडी आणि डीओच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं, बाहेरून शिकून आलेल्या अमेरिकन मुलांचं गेल्या काही वर्षांत ६७ टक्क्यांच्या आसपास. तिथून उत्तम डॉक्टर होऊन आलेली मुलंही आहेत, पण कर्ज डोक्यावर आणि मॅच नाही ही अवस्था फार वाईट.

अर्जातल्या निबंधात कमी मार्कांची कारणं किती लिहायची? दोन-तीन वाक्यं. भाचीचे बाबा त्या काळात खूप आजारी होते, तिने तेवढंच लिहिलं आणि बाकीची जागा नंतर काय केलं त्याला दिली.

शेवटचं, तारखा. अर्ज मेमध्ये उघडतो, साधारण मेअखेर-जूनपासून सबमिट करता येतो, आणि बहुतेक कॉलेजं येतील तसे अर्ज वाचत इंटरव्ह्यूला बोलावत जातात, त्यामुळे सप्टेंबरात धावतपळत भरलेल्या कमी जीपीएच्या अर्जाला आधीच कमी असलेली जागा अजून कमी होते. परवा फोन केलेल्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं, या जूनचा अर्ज राहू दे, लेकीला फॉल सेमिस्टरच्या बायोकेमला नाव घालायला सांग, सीट भरायच्या आत.