ट्रिम शून्यावर

राजारामपुरीतल्या माझ्या दुकानाच्या बोर्डावर अजून 'टीव्ही, टेप, अॅम्प्लिफायर दुरुस्ती' असंच लिहिलेलं आहे. टेप शेवटचा कधी आला ते आठवत नाही. हल्ली टेबलावर बघाल तर रिमोटच्या गाड्या. खेळण्यातल्या नव्हे. खेळण्यातल्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे पूर्ण डावं नाहीतर पूर्ण उजवं, मधे काही नाही. ह्या हॉबीवाल्या गाड्यांत रिमोटचं चाक बोटभर फिरवलं तर पुढची चाकं बोटभरच वळतात, आणि सोडलं की सरळ येतात. म्हणजे यायला पाहिजेत.

त्या शनिवारी शटर वर करतोय तोवरच एक आजोबा आणि आठवी-नववीतला नातू येऊन उभे राहिले. आजोबा सत्तरीच्या पुढचे, धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पटका. कान चेपून गाठी झालेले. कोल्हापुरात असे कान दिसले की काही विचारावं लागत नाही. तरी मी बोलता बोलता विचारलं, तर म्हणाले, खासबागेत कैक कुस्त्या केल्या, आता सकाळ-संध्याकाळ तालमीत पोरांकडं बघतो.

"मेस्त्री, ह्या गाडीचं तोंड सरळ ऱ्हाईना. उद्या शर्यत हाय ह्याची."

"वस्ताद, तासाभरात देतो," मी म्हटलं. हे वाक्य मी त्या दिवशी बोलायला नको होतं.

गाडी एकास दहा मापाची बगी. वर वर बघता चांगली ठेवलेली, पुसलेली. दुकानापुढच्या फरशीवर सोडली तर डावीकडं ओढायला लागली. रिमोटवर ट्रिमचं बटण असतं, त्यानं मधला बिंदू थोडा इकडं-तिकडं सरकवता येतो. सहा क्लिक उजवीकडं दिले. गाडी सरळ. पोराला म्हटलं, झालं. त्यानं एक उजवं वळण घेतलं, रिमोटचं चाक सोडलं, आणि गाडी आता उजवीकडं ओढायला लागली. सहा क्लिक परत घेतले. डावं वळण घेतलं की पुन्हा डावीकडं.

इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. गाडी कायम एकाच अंगाला जात असेल तर ट्रिम नाहीतर पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांडीची, म्हणजे टायरॉडची लांबी. पण डावीकडून परत येताना डावीकडं अडकते आणि उजवीकडून येताना उजवीकडं, म्हणजे कुठंतरी काहीतरी घट्ट आहे किंवा ढिलं आहे. हे मी स्वतः पोरांना शिकवतो. पण माणूस ज्या हत्यारावर वाढला तेच त्याच्या हाताला आधी लागतं. मी आयुष्यभर सोल्डरिंग आयर्न धरलंय, मला दोष तारेतच दिसतो.

पल्स पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप काढला. गाडीतल्या रिसीव्हरमधून स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, दर 20 मिलिसेकंदाला एक पल्स जातो आणि त्याची रुंदी 1.5 मिलिसेकंद असली की सर्व्होनं मधे उभं राहायचं. स्क्रीनवर पल्स रेघ मारल्यासारखा 1.5. डावं करून सोडा, उजवं करून सोडा, 1.5 म्हणजे 1.5. मग म्हटलं, सर्व्होच खराब. तो उघडला. आत नायलॉनचे गिअर आणि तळाशी छोटं पोटेन्शिओमीटर. आपला दांडा कुठं आहे हे सर्व्होला तेच सांगतं, त्यात घाण गेली की सर्व्हो थरथरतो, चुकीच्या जागी थांबतो. क्लीनर मारला, गिअरला ग्रीस लावलं, बंद केलं. फरक शून्य.

तास कधीच उलटून गेला होता. आजोबा स्टुलावर पाठ ताठ करून बसलेले, चहा दिला तर अर्धा नातवाला ओतून दिला. मी ड्रॉवरमधला नवा, मेटल गिअरचा सर्व्हो काढला. त्याच्यावर जुना हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसून लिंक ओढणारी छोटी पट्टी, बसेना. सर्व्होच्या दांड्याला बारीक दाते असतात, काही कंपन्यांचे 25, काहींचे 24, काहींचे 23. डोळ्याला फरक दिसत नाही, आणि पोरं स्क्रू आवळून हॉर्न जबरदस्तीनं बसवतात. टेबलावर तो धरतो, पहिल्या उडीला दाते खरवडून सुटतो. मी 23 चा हॉर्न शोधून बसवला. गाडी फरशीवर सोडली.

डावीकडं.

नातू हसला नाही, हे त्याचे उपकार. आजोबा मात्र उठून टेबलाजवळ आले.

"मेस्त्री, ते मशीन सोडवा की त्याच्यापासनं. नुसतं हातानं फिरवून बघा. पैलवानाचा खांदा धरलाय का न्हाई, ते आमी हातानंच बघतोय."

मी काही बोललो नाही. सर्व्होच्या हॉर्नवरून चाकांकडं जाणाऱ्या लिंकची वाटी चिमट्यानं उपसली. आता स्टिअरिंगला कोणी धरलेलं नाही. अशा वेळी गाडी डावीकडं कलती केली की पुढची चाकं आपल्या वजनानं डावीकडं लोंबायला पाहिजेत, उजवीकडं केली की उजवीकडं. मी गाडी कलती केली. चाकं जिथं होती तिथंच. उलटी कलती केली. हललीच नाहीत. बोटानं ढकलली तर गेली, आणि ढकलली तिथंच राहिली.

अर्ध्या मिनिटाची परीक्षा. मी अडीच तास पल्स मोजत बसलो होतो.

सर्व्हो आणि चाकांच्या मधे एक स्प्रिंगवाला तुकडा असतो, सर्व्हो सेव्हर म्हणतात. चाक दगडावर आपटलं तर झटका स्प्रिंगनं खायचा, सर्व्होच्या गिअरला लागू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. पण पुढचा सगळा जोड घट्ट झाला की तीच स्प्रिंग दगा देते. सर्व्हो बरोबर मधे येऊन थांबतो, राहिलेलं थोडं अंतर स्प्रिंग दबून खाते, चाकं मागंच राहतात. पूर्ण वळणाला जोर भरपूर असतो, म्हणून तिथं काही कळत नाही. म्हणजे जुना सर्व्हो बिचारा निर्दोष होता. तो मी परत जागेवर बसवला.

वरची प्लेट काढली. स्टिअरिंगचे दोन बेलक्रँक, म्हणजे सर्व्होची ओढ चाकांकडं वळवणारे दोन वाकडे तुकडे, दोन खांबांवर फिरतात, मधे नायलॉनच्या नळ्या, म्हणजे बुश. बुश बाहेर येईना, पक्कडीनं हळूहळू पिळून काढला. आत लाल गंधासारखा लेप. खांबाला चिकटून वाळलेला, त्यावर परत ओला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ब्रशनं झाडायला घेतलं.

"तेल टाकलंवतंस काय रे?" मी विचारलं.

"शिलाई मशीनचं. कुरकुर वाजत हुतं म्हणून."

हे सगळेच करतात. स्टिअरिंगचे हे जोड कोरडेच ठेवायचे असतात. तेल टाकलं की धूळ धरते, आणि तेल-मातीचा लेप बुशला पॉलिश पेपरसारखा घासतो. मी त्याला हे सांगत होतो, पण पोराचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. तो रस्त्यावरची रिक्षा बघत होता.

आजोबांनी वर्तमानपत्रावरची चिमूटभर माती उचलली. अंगठा आणि तर्जनीत चोळली. नाकाशी नेली. मला वाटलं तपकीर ओढतायत. मग अजून एक चिमूट घेतली, उजेडात धरली, बोटं एकमेकांना चिकटतात का ते बघितलं.

"ही हौदातली हाय."

कोणी काही बोललं नाही.

"ताक, हळद, लिंबू, तेल. म्या सवता मळलीया ही." मग नातवाकडं न बघताच, "दुपारी तालीम बंद असतीया तवा?"

"माती मऊ हाय," नातू पुटपुटला. "ढीग करून रॅम्प केला की उडी भारी बसती. गाडी मोडत न्हाई." आणि मग घाईघाईनं, "चप्पल काढूनच गेलतो, आबा."

बाहेरच्या वाचकाला सांगतो, हौद म्हणजे तालमीतला कुस्तीच्या मातीचा आखाडा. त्याला रोज अगरबत्ती लागते, उतरताना माती कपाळाला लावायची असते. त्यात दीड किलोची बगी उड्या मारत होती, पण अनवाणी ड्रायव्हरच्या हाती. मला हसू येत होतं आणि आजोबांकडं बघायची हिंमत नव्हती. मी कामाला लागलो.

बुश आणि खांब धुऊन कोरडे केले, एका बुशची कड झिजली होती, तो बदलावा लागला. जोडल्यावर आधी कलती करून बघितलं: चाकं इकडं लोंबली, तिकडं लोंबली. मग खरं ॲडजस्टमेंट. रिमोटचा ट्रिम शून्यावर, सर्व्होला करंट दिला, तो स्वतः मधे येऊन थांबल्यावरच हॉर्न काढून लिंकशी काटकोनात बसवला. टायरॉडला एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, मधला षटकोन फिरवला की रॉड लांब-आखूड होतो, काहीही सोडवावं लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या फिरवत रिमच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा 2 मिलिमीटर जास्त ठेवलं. एवढ्या रिमला म्हणजे दर चाक सुमारे एक डिग्री बाहेर. शेवटी रिमोटवर दोन्हीकडची हद्द बांधली. चाक टोकाला गेल्यावर सर्व्हो माशीसारखा घूं घूं करत असेल तर तो भिंतीला ढकलतोय समजायचं, आवाज बंद होईपर्यंत हद्द कमी करायची.

फरशीवर सोडली. डावं, सोडलं, सरळ. उजवं, सोडलं, सरळ. समोरच्या पानपट्टीपर्यंत गाडी रेघेत गेली.

बुशचे आणि साफसफाईचे दीडशे सांगितले. बाकीचे तीन तास माझ्या खाती. आजोबांनी दोनशे ठेवले, सुटे घेतले नाहीत. मी वर्तमानपत्र गोळा करून डब्यात टाकायला गेलो तर त्यांनी मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाची ती पकड मला संध्याकाळपर्यंत जाणवत होती.

"टाकू नगा."

कागदाच्या कडा दुमडून त्यांनी नीट पुडी बांधली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि पायरी उतरता उतरता नातवाला म्हणाले, "उद्या पाटं पाचला हौद उकरायला यायचं."

"आबा, उद्या शर्यत हाय."

"शर्यत नवाला हाय न्हवं?"