जामीन झाला, पोरगा मात्र आतच

कोर्टानं जामीन दिला की माणूस घरी येतो, असंच आमच्या गावात सारे समजतात. आमच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, पोरगा धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या भांडणात आत गेला होता. त्याला जामीन मिळाला त्याच दिवशी त्याच्या मायनं त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवला. पोरगा त्यानंतर कितीतरी दिवस कारागृहातच होता, कारण आदेशात पंचवीस हजारांचा एक सक्षम जामीनदार मागितला होता.

जामीनदार मी राहणार होतो. वावर माझ्या नावानं, देणं कोणाचं नाही. कोर्टाला ऐपतीचा दाखला, म्हणजे जामीनदाराची तेवढी मालमत्ता आहे असा कागद, हवा होता आणि तो तहसीलमधून मिळतो. सेतू केंद्रात सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या साऱ्या जमिनीचा उतारा), आधार जोडून अर्ज केला. फाइल तलाठ्याच्या अहवालासाठी आली आणि तिथंच अडकली.

माझ्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, म्हणजे जमिनीवर कर्ज असल्याची नोंद, दिसत होता. कर्ज मी केव्हाच फेडलं होतं. निल दाखला घरात होता, बोजा उतरवण्याचं सोसायटीचं पत्रही दिलेलं होतं, पण फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल, घेतलाच गेला नव्हता. तलाठी म्हणाले, "भाऊ, बोजा दिसते तोवर मी अहवाल कसा देऊ?" फेरफार घ्यायचा तर नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. त्यात अतिवृष्टीनं सोयाबीन गेलेलं, सारे कर्मचारी पंचनाम्यावर. ऑफिसला कुलूप पाहून परत यायचो तेव्हा जीव जळायचा. माझ्या एका नोंदीपायी दुसऱ्याचं लेकरू आत बसलं होतं. विदर्भात बोजा नसलेला सातबारा किती कास्तकारांकडे आहे? मग गरिबाला जामीनदार आणायचा कुठून?

हे दुखणं जुनं आहे. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो भाऊ नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला जामीनदाराशिवाय, हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर सोडायला सांगितलं. एवढ्या वर्षांनंतरही आमच्याकडे गाडी तिथंच अडते.

तुरुंगातल्या भेटीत काचेपलीकडून पोरगा म्हणाला, "काका, रात्री कूस बदलता येत नाही." अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये इंग्रजांनी माणसाला एकेकट्या कोठडीत डांबून छळलं, इथं गर्दीच छळते. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांतले काही आमच्या पोरासारखे जामीन होऊनही आत असतात, याचा मला राग येतो.

वाट निघाली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंमुळे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. हे आधी कोणीच सांगत नाही, म्हणून विधी सेवेचा 15100 हा हेल्पलाइन नंबर लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलेलं आहे की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि महिना उलटला तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. बाईंनी त्याच आधारावर अर्ज केला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्यावी म्हणून. कोर्टानं मान्य केलं. पैसे मी आणि पोराच्या मामानं उभे केले. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांची योजना आहे. त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते, 2023 ला तिची मर्यादा चाळीस हजार होती. वकिलाला या योजनेचं नाव घेऊन विचारा.

राहिलंच एक. जामिनाच्या आदेशातलं नाव आणि तुरुंगाच्या नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते कोर्टातच पाहून घ्या. सुटकेचा आदेश दुपारीच तुरुंगात पोचेल असं बघा, संध्याकाळी बराकी बंद झाल्या की आणखी एक रात्र जाते. आमचा आदेश वेळेत पोचला म्हणून पोरगा त्याच दिवशी शेवटच्या एसटीनं गावात आला.

माझा फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. तुम्ही कर्ज फेडलं असेल तर सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना आजच पाहून घ्या.