करमणूक हा उपचार असेल, तर पाळीविषयीही विचारावे लागेल

रिक्रिएशनल थेरपीला, म्हणजे खेळ, गाणी, नृत्य यांतून दिल्या जाणाऱ्या उपचाराला, आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत वेळ घालवण्याचे साधन समजले जाते, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मला याचे फार वाईट वाटते. बडोद्यात आम्ही अपंग स्त्रियांसाठी जो बैठा गरबा घेतो, त्यात प्रत्येकीसाठी आधीपासून उद्दिष्ट लिहिलेले असते: पाठीला आधार न घेता ती किती वेळ बसू शकते, खांदा न दुखता हात कुठवर उचलला जातो, गाणे संपल्यावर श्वास किती वेळात स्थिर होतो. व्हीलचेअर रोज हाताने ढकलणाऱ्या स्त्रियांचे खांदे आधीच झिजलेले असतात, म्हणून टाळी डोक्यावर न नेता छातीसमोरच द्यायची, असा आमचा नियम आहे. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतून येणाऱ्या ज्येष्ठ भगिनींचा ओढा भोंडल्याकडे जास्त असतो. अर्धांगवायूनंतर ज्यांची वाचा अडखळते, त्यांच्यासाठी खिरापत ओळखण्याचा खेळ हा शब्द आठवून उच्चारण्याचा उत्तम सराव ठरतो, कारण तिथे उत्तर चुकले तरी कुणी नापास करत नाही आणि सगळ्या जणी पुढचा पदार्थ सुचवायला उत्सुक असतात.

खेळाला उपचारात स्थान देण्याची कल्पना नवी नाही. 1948 साली डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात व्हीलचेअरवरील माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली आणि पॅरालिम्पिकचे मूळ तिथेच आहे. त्या पहिल्या स्पर्धेतील 16 स्पर्धकांपैकी स्त्रिया केवळ 2 होत्या. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आला. त्याआधी, 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील कलम 25 मध्ये अपंग स्त्रियांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याचा विशेष निर्देश झाला होता आणि कलम 29 मध्ये संस्कृती व करमणुकीचा हक्क मान्य झाला होता. कायद्यात ही दोन कलमे वेगवेगळी असणे स्वाभाविक आहे. परंतु संशोधनातही आरोग्य आणि करमणूक हे दोन विषय वेगळेच राहतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

एखादी स्त्री वर्गाला येईनाशी झाली की हजेरीपटावर तिच्या नावासमोर ‘रस नाही’ असे लिहिले जाते. प्रत्यक्ष कारण विचारले तर बहुतेक वेळा ते शरीराशी निगडित निघते. सभागृहातील शौचालयाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. पाणी कमी झाल्याने बद्धकोष्ठ वाढतो, लघवीचा संसर्ग होतो, आणि पुढचे काही आठवडे ती घराबाहेर पडू शकत नाही. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला दुसऱ्याची मदत लागते, आणि ती मदत दरवेळी घरातून आणणे तिला संकोचाचे वाटते. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेली असेल, तर नुसते मूत्राशय तुडुंब भरल्यानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. तीव्र डोकेदुखी आणि घाम ही त्याची लक्षणे असतात. प्रसूतीच्या कळांमध्येही हाच धोका असतो. गाण्याच्या मध्येच डोके धरून बसलेल्या स्त्रीला थकवा आला असेल असे समजून तिला आडवे करणे अशा वेळी अपायकारक ठरते: तिला ताठ बसवून ठेवायचे, कपडे सैल करायचे, मूत्राशय रिकामे झाले आहे का ते तत्काळ पाहायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे.

हाडांचेही तसेच आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांची हाडे भार न पडल्याने विरळ होत जातात आणि रजोनिवृत्तीनंतर त्यात आणखी भर पडते, म्हणून चाळिशीपुढच्या स्त्रीसाठी कोणताही खेळ निवडण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पण मज्जारज्जूच्या इजेवरील अभ्यासांत पुरुषांची संख्या मोठी असते, आणि स्त्रियांच्या रजोनिवृत्तीवरील अभ्यासांत व्हीलचेअर वापरणारी स्त्री क्वचितच असते. अमेरिकेत 1977 च्या मार्गदर्शक सूचनेने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले होते. 1993 च्या कायद्याने शासकीय निधीवरील वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश बंधनकारक झाला. अपंग स्त्रीला मात्र आजही मोजमापाची साधनेच बाहेर ठेवतात. प्रश्नावलीत ‘दिवसाला किती मिनिटे चालता’ असे विचारले जाते, उंची उभे राहूनच मोजली जाते, तपासणीचा टेबल खाली येत नाही. संमतिपत्र सोप्या भाषेत नसल्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना अभ्यासात घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे मानले जाते.

या मुलींच्या बाबतीत न विचारण्याचे परिणाम किती दूर जातात, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे. 1994 साली पुण्यात एका शासकीय संस्थेतील बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांची गर्भाशये, त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही या कारणाने, शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पॅड कसे लावावे हे चित्रांच्या साहाय्याने, बाहुलीवर, गाण्यातून पुन्हापुन्हा शिकवता येते आणि अनेक मुली ते शिकतात. माझ्या मते हे शिक्षणसुद्धा रिक्रिएशनल थेरपीच्या कक्षेतलेच काम आहे.

आमच्या गटात आता नाव नोंदवताना खांद्याच्या दुखण्यासोबत पाळी, कॅथेटरची (लघवी काढण्याच्या नळीची) वेळ, पूर्वीचे हाड मोडणे आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीविषयीही विचारले जाते. हे प्रश्न स्त्री कार्यकर्तीच विचारते, सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले नसताना विचारते, आणि उत्तर द्यायचे की नाही हे त्या स्त्रीवर सोडते. विद्यापीठातील कुणी विद्यार्थिनी या विषयावर प्रबंध लिहिणार असेल, तर तिने वर्ग सोडून गेलेल्या स्त्रियांच्या घरी आधी जावे आणि आपली प्रश्नावली त्यांच्यासोबत बसून तयार करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.