एकतिसावं पान

परवा दुपारी पुस्तक बदलायला गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळं वाचनालयात कुणी नसेल असा माझा हिशेब. पण देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडला होता आणि त्याभोवती आम्ही चार बायका आणि एक पेन्शनर गृहस्थ. आत कपाटांच्या रांगाच्या रांगा, हजारो पुस्तकं शहाण्यासारखी उभी. तिकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांचे हात ढिगात. "कपाटं पण बघा की मॅडम कधीतरी," टेबलामागचे दादा दर खेपेला म्हणतात. आम्ही हसतो आणि ढीग उपसत राहतो.

असं का, हे वाचनालयाचं कार्ड बाळगणाऱ्याला सांगायला नको. कपिलतीर्थ मंडईत जिच्यापुढं गर्दी तिचीच वांगी ताजी, तसंच हे. परत आलेलं पुस्तक म्हणजे कुणीतरी पसंत केलेलं पुस्तक. आता ते दहाव्या पानावर कंटाळून परत केलेलंही असू शकतं, पण ढिगापाशी एवढा विचार कोण करतो! शिवाय शेजारणीच्या हातातलं पुस्तक आपल्या हातातल्यापेक्षा चांगलं असतंच. ती ते खाली ठेवायची वाट बघत आपण उगाच दुसरं काहीतरी चाळत राहायचं.

तर त्या गृहस्थांनी एक जाडजूड कादंबरी उचलली. नाव बघितलं नाही, लेखक बघितला नाही. मधलंच एक पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवून पान डोळ्यांजवळ नेलं आणि पुस्तक ठेवून दिलं. दुसरं उचललं. पुन्हा तसंच. तिसऱ्याला त्यांचा चेहरा खुलला आणि ते पुस्तक नोंदवायला दादांपुढं सरकलं.

मी मनात म्हटलं, काका, तुमचं कितवं?

आमच्या आज्जीचं एकतिसावं होतं.

आज्जी चौथी शिकलेली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळं आपल्या चार इयत्तांचं श्रेय ती थेट महाराजांनाच द्यायची. महाराज गेले १९२२ला, ही जन्मली त्यानंतर. पण सांगताना असं सांगायची की महाराजांनी स्वतः मंगळवार पेठेत गाडी थांबवून तिच्या वडलांना दम भरला असावा. वाचायची ओठ हलवत, पुटपुटत. दुपारची भांडी झाली की खांबाला टेकून बसायची आणि पुस्तक मांडीवर. आठवड्याला दोन तरी पुस्तकं लागायची. गुडघे धरलेले, त्यामुळं ती बदलून आणायचं काम माझ्याकडं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन.

निघताना सूचना ठरलेल्या. "रडकं नगं, भुताचं नगं, आणि ज्यात माणसं नुसती इचार करत बसत्यात तसलं तर आजिबात नगं. आणि कोरं आणू नगंस. हाताळलेलं आण. कोऱ्यात काय दम नसतोय." मग दाराशी गेल्यावर शेवटची हाक: "एकतीस बघ गं!"

कारण एकतिसाव्या पानावर आकड्याखाली तिची खूण असायची. तांदळाच्या दाण्याएवढी एक तिरकी रेघ, पेन्सिलीची. ती दिसली की पुस्तक आज्जीचं वाचून झालेलं, खाली ठेवायचं. नाव तिच्या लक्षात राहत नसे, लेखक तर नाहीच. "त्या ह्याचं, ज्यात सून विहिरीवर जाते" एवढाच तिचा कॅटलॉग. एकतीसच का, हे मी एकदा विचारलं होतं. "पयल्या पानावर केली तर गावाला दिसंल की," म्हणाली. बरोबरच होतं. भिंतीवर पाटी होती: पुस्तकांवर खुणा करू नयेत, केल्यास दंड.

पण पाटी एकीकडं आणि गाव एकीकडं. ढिगातली पुस्तकं उघडून एकतिसावं पान शोधता शोधता मला बाकीचीही पानं दिसायला लागली. कुणाची पन्नासाव्यावर फुली. कुणाचा शेवटून दुसऱ्या पानावर बारीक 'श्री'. एकाचं, नक्की बापई माणूस असणार, शंभराव्या पानावर तारखेसकट लफ्फेदार सही, बँकेच्या चेकवर करावी तशी. आणि एकाचा सातव्या पानावर गोल. सातच्या आकड्याभोवती नीट, न थरथरता काढलेला गोल.

हा गोल मी आज्जीला दाखवला आणि तिथून घोळ सुरू झाला. आज्जीला आवडलेल्या पुस्तकांत तो गोल असायचाच. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं निष्कर्ष काढला आणि सूचनांमध्ये भर पडली: "गोलवालीनं वाचलंय का बघ." म्हणजे दोन अटी. सातव्यावर गोल हवा, एकतिसाव्यावर रेघ नको. पावसाळ्यात, छत्री काखेत धरून, ओल्या फ्रॉकला पुस्तक लागू न देता, टेबलापाशी टाचा उंचावून मी हे संशोधन करायची. कोल्हापूरचा पाऊस तो. जुलैत एकदा लागला की पुस्तकांची पानंसुद्धा फुगायची, आणि सात उघडायला जावं तर पाच ते बारा चिकटून एकत्र यायची.

गोलवाली कोण, ह्याचा मी बरेच दिवस माग काढला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणाऱ्या एक बाई गुरुवारी यायच्या. गोल कुंकू, गोल चेहरा, चष्म्याच्या काचाही गोल. दहा वर्षांच्या मुलीला एवढा पुरावा पुष्कळ होता. एकदा धीर करून त्यांच्या हातातलं पुस्तक बघायला गेले तर ते पाककृतींचं निघालं. आज्जीला सांगितल्यावर ती म्हणाली, "छ्या. ती न्हवं." गोल एखाद्या पुरुषाचा असू शकेल, हे आमच्या दोघींच्याही कधी मनात आलं नाही.

पुढं कधीतरी नव्या पुस्तकांत गोल दिसेनासा झाला. जुन्यांत होता, नव्यांत नाही. मी आपली दर वेळी येऊन सांगायची, नाही मिळाला. असं महिना-दोन महिने चाललं. मग एकदा आज्जी म्हणाली, "नवऱ्याची बदली झाली असंल." आणि त्यानंतर गोलवालीचं नाव काढलं नाही. फक्त एकतीस बघ म्हणायची.

ह्या खुणा म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची नासधूस, हे मला मान्य आहे. मी स्वतः आयुष्यात वाचनालयाच्या पुस्तकावर रेघ मारलेली नाही, आणि त्याबद्दल थोडा ताठाही बाळगून होते. एका रहस्यकथेत तर, वाचनालयाचं नाव घेत नाही, बाविसाव्या पानावर कुणी बॉलपेननं लिहून ठेवलं होतं: 'खुनी डॉक्टर आहे.' खाली वेगळ्या अक्षरात: 'खोटं. नोकर आहे.' त्याखाली हिरव्या शाईत: 'दोघेही चूक.' मला पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागलं, आणि हिरवी शाईच बरोबर निघाली. माणसाचा राग यावा की त्याला हुडकून चहा पाजावा, कळेना.

ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेली माझी एक मैत्रीण आहे. तिला आज्जीची गोष्ट सांगितली तर तिनं मला रंगनाथनांचे पाच नियम ऐकवले. गणिताचे प्राध्यापक असलेला हा माणूस ग्रंथपाल झाला आणि १९३१ साली त्यानं ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. मी म्हटलं, मग आज्जी काय करत होती? मैत्रीण म्हणाली, "तिनं पेन्सिल वापरली हा गुन्हा आहे." ही मैत्रीण मराठी साहित्याला ८९१.४६ म्हणते. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युईच्या दशांश पद्धतीत आपला तो नंबर आहे म्हणे. 'ज्यात सून विहिरीवर जाते' त्याला किती, ते मात्र तिला सांगता आलं नाही.

गावाचा अभिमान बाजूला ठेवून लिहायचं ठरवलं होतं, पण कोल्हापूरकराला ते कुठून जमायला! आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. सत्तावन्नच्या बंडाच्याही आधी इथं लोक पुस्तकं बदलून नेत होते. देशात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ला. अख्ख्या महाराष्ट्राला असा कायदा मिळायला १९६७ उजाडलं. आता एवढं असल्यावर आम्ही जगात भारी म्हटलं तर कुणी नाक मुरडू नये.

पण मी सांगत होते ते परवाचं. त्या दिवशी ढिगातून मी एक कादंबरी आणली. मुखपृष्ठ नवं कोरं, बहुधा नवी आवृत्ती. रात्री वाचायला घेतली. छान चालली होती. गाव, वाडा, परदेशातून आलेला धाकटा भाऊ. नायिकेला पत्र येतं आणि ती ते न फोडता पिठाच्या डब्यात ठेवते, तिथं मी थांबले. पान एकशे चाळीस. पिठाचा डबा मला माहीत होता. पितळी. झाकणाला पोचा आलेला. पुढं कधीतरी पत्र सापडतं तेव्हा त्यावर पिठाची बोटं उमटलेली असणार, हेही माहीत होतं. वीस पानं पुढं जाऊन बघितलं. होती.

पूर्वी कधीतरी वाचली असेल, कॉलेजात वगैरे, असं मी स्वतःला सांगितलं. सकाळी चहा घेताना ह्यांना सहज म्हटलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, दिवाळीत नव्हतीस का वाचत? मला ते पत्राचं सांगितलेलंस की." दिवाळीत. म्हणजे सहा महिने झालेले. मी म्हटलं, हां हां, तीच. आणि कप विसळायला उठले.

दुपारी पुस्तक परत करायला काढलं, चप्पल घातली आणि पुन्हा आत आले. पेन्सिल शोधली. नातवंडं येऊन गेली की घरात पेन्सिल म्हणून राहत नाही. शेवटी आरशापुढच्या डब्यात भुवयांची पेन्सिल सापडली. एकतिसावं पान उघडलं आणि आकड्याखाली एक रेघ ओढली. भुवयांची असल्यामुळं दाण्याएवढी काही राहिली नाही, जरा फराटा झाला.

वाचनालयात तीच वेळ, तोच ढीग. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या तिरक्या फळ्यांपाशी नेहमीची मंडळी उभी, शब्दकोड्याचं पान आधीच गायब. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं, रिकाम्या खुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या. मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"दोन दिवसांत झालं?" दादा म्हणाले.

"झालं."

त्यांनी पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड यंत्राखाली धरला. हल्ली कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, कुणी काय कधी नेलं ते. दादांनी पडद्याकडं बघितलं, थोडं थांबले, मग माझ्याकडं बघितलं. माणूस भला. काही बोलले नाहीत. पुस्तक ढिगावर ठेवलं.

शेजारच्या बाईंनी ते लगेच उचललं, मधलं कुठलंसं पान उघडून बघितलं आणि नोंदवायला पुढं केलं.