मोनालिसामागची भिंत

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसा पाहायला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष त्या चित्रामागच्या भिंतीकडे जात असेल. दालनाचे २००५ साली नूतनीकरण झाले, तेव्हा ही भिंत मुद्दाम स्वतंत्र उभारण्यात आली आणि जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद असलेले हे चित्र तिच्यातच, गोळीलाही दाद न देणाऱ्या काचेआड बसवण्यात आले.

त्यापूर्वी काय होते, हे पाहिले की या खटाटोपाचे महत्त्व कळते. २१ ऑगस्ट १९११ रोजी, सोमवारी संग्रहालय बंद असताना, विन्चेन्झो पेरुज्जा याने चित्र भिंतीवरून सरळ उतरवले, जिन्यात नेऊन चौकट वेगळी केली आणि तो बाहेर पडला. छायाचित्रणासाठी चित्रे हलवली जात असल्यामुळे रिकामी जागा दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला खटकलीही नाही. गंमत म्हणजे, लूव्रमधल्या चित्रांना संरक्षक काचा बसवण्याच्या कामावर हाच पेरुज्जा पूर्वी होता!

चोर हा एकच शत्रू नव्हे. १९५६ साली एकाने दगड फेकला आणि रंगाचा टवका उडाला; २०२४ साली फेकलेले सूप मात्र काचेवरच राहिले. त्याहून चिवट शत्रू म्हणजे हवा. हे चित्र पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेले आहे, ती फळी आर्द्रतेनुसार फुगते आणि आकसते, आणि तिला वरच्या कडेपासून खाली आलेली एक जुनी चीर आहे; म्हणूनच काचेमागचे तापमान आणि आर्द्रता स्थिर राखावी लागते. माझ्या मते, या भिंतीचे खरे कौशल्य तिथेच आहे.

इतर चित्रांना एवढा थाट परवडत नाही. त्यांच्या चौकटीमागे खास अवजारानेच सुटणाऱ्या धातूच्या पकडी आणि हलकासा धक्का लागताच सूचना देणारे संवेदक बसवता येतात. मात्र आग लागल्यास तेच चित्र कर्मचाऱ्यांना झटपट काढता आले पाहिजे, आणि ही दुहेरी अट सांभाळणे मला कुलूप बनवण्यापेक्षा कठीण वाटते.

भिंतीने यंत्रणा लपवली, तरी समोरचे कठडे लपत नाहीत. मोनालिसासाठी स्वतंत्र दालन उभारण्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आहे; त्यात प्रेक्षकाला दोन पावले पुढे जाता यावे, एवढी माझी अपेक्षा आहे.