आजीची गोधडी कॉटबाहेर

इंग्लंडमध्ये लीड्सला बाळ अकरा दिवसांचं झालं तेव्हा हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ बघणारी नर्स, आली. हात धुतले, बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. जन्मानंतर घटलेलं वजन भरून आलं होतं, मला हायसं वाटलं. मग तिने बाळ कुठे झोपतं ते दाखवायला सांगितलं आणि कॉटमधली गोधडी उचलून माझ्या हातात दिली.

ती माझ्या आजीने शिवलेली. आरमोरीजवळच्या आमच्या गावात, छपरीत बसून, विरलेल्या लुगड्यांची. आईने इकडे येताना बॅगेत सगळ्यात आधी तीच ठेवली होती.

ती बाई गेल्यावर आई रडवेली झाली. "गोधडीनं का होते वं? तुमी सारे तिच्यातच वाढले." मलाही राग आला होता. वर्षभर कॉटमध्ये सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणं काहीच नको, बाळ उताणंच झोपवा, खोली १६ ते २० अंशांवर ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तिथे ओल्या पडद्याआड लेकरं झोपवणाऱ्या बायांना हिने शिकवावं? पण कारण पटण्यासारखं होतं. तोंडावर पांघरूण आलं तर एवढ्या बाळाला ते सारता येत नाही, आणि अंग जास्त तापणंही धोक्याचं. बाळ उताणं झोपवा, अशी मोहीम इथे १९९१मध्ये सुरू झाली आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या झपाट्याने खाली आली.

जाताना तिने पाणी किंवा मध देता का, हेही विचारलं होतं. मी आईला मराठीत सांगितलं तशी ती चमकली. वहिनीच्या बाळंतपणात गावच्या आशाताईने हेच बजावलं होतं: सहा महिने फक्त अंगावरचं दूध, घुटीसुद्धा नाही. "हिले आपल्या आशाताईनं शिकवलं का?"

तिने नसेल शिकवलं. पण घरी जाऊन बाळ तपासायची रीत आमच्या गडचिरोलीनेही देशाला दिली आहे, हे इथे कुणाला ठाऊक नसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास बघायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटल्याचं १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११पासून देशभरच्या आशा ते करतात. वहिनी दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आली, झोळीचा काटा घेऊन. माझ्याकडे ही हेल्थ व्हिजिटर आता एकदम बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर येणार. मधल्या काळात मला आशाताईची आठवण येते, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. नवव्या दिवशी त्याने दूध सोडलं, श्वास भरभर चालायला लागला. देवाचं झालं, अंगारा झाला. अकराव्या दिवशी गेला. तेव्हा गावात अशी कोणी येत नव्हती.

गोधडी आता हॉलमध्ये जमिनीवर असते. बाळ जागं असलं की आम्ही त्याला तिच्यावर पालथं घालतो, आई शेजारून हलत नाही. रात्री मात्र ती दोनदा तरी उठते, बाकी काही नसलेल्या कॉटमध्ये एकट्या झोपलेल्या बाळाचं पोट वरखाली होताना बघते आणि घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला साठच्या आत आहे ना, एवढं बघून परत झोपते.