बाटलीतला बाब्या

घरच्या बीअरचं गणित असं, की एका घाण्याला साधारण १९ लिटर निघते, म्हणजे गाळ वगळून ३३० मिलीच्या पन्नासेक बाटल्या. करणाऱ्याला त्यातल्या पहिल्या दहा अप्रतिम लागतात, पुढच्या वीस चांगल्या लागतात आणि त्यानंतर कशाही लागतात, कारण तोवर नाक सरावलेलं असतं. घरातल्या यीस्टचा, घरातल्या पाण्याचा, कुठल्याशा नळीत दडून बसलेल्या जंतूंचा वास रोज घेतला की तो वास वाटेनासा होतो, 'आपली बीअर' वाटायला लागतो. आपला तो बाब्या! घरी बीअर करणारी मंडळी नाताळच्या सुमाराला एकमेकांना बाटल्या देतात ते दिसायला भेट असते खरी, पण आत कुठेतरी आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार असतो. आवळा म्हणजे बाटली आणि कोहळा म्हणजे दुसऱ्याचं नाक.

शिवाय वाटण्याखेरीज या बीअरला घराबाहेर पडायला दुसरी वाटही नसते. अमेरिकेत १९७८ साली घरगुती बीअरला मोकळीक देणारा कायदा झाला, तेव्हा दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बीअर करता यायला लागली, पण विकायची मुभा मिळाली नाही. त्याच्या कित्येक शतकं आधी नॉर्वेतल्या गुलातिंग कायद्यात उलटाच कारभार होता. शेतकऱ्यांनी नाताळसाठी बीअर गाळलीच पाहिजे, आणि सलग तीन हिवाळे कुणी चुकवलं तर मालमत्ता जप्त. आजच्या चुकारांना तेवढा धाक नाही. ते नोव्हेंबरच्या मध्यावर जागे होतात.

मध्यावर जाग आली तरी अगदीच बिघडत नाही, फक्त मग कोणती बीअर करायची याचा हट्ट सोडावा लागतो. चार-साडेचार टक्के अल्कोहोलची काळसर माइल्ड किंवा साधी स्टाउट बारा-चौदा दिवसांत आंबून होते, बाटलीत २० ते २२ अंशांवर दोन-तीन आठवडे काढते आणि नाताळला बऱ्यापैकी पिण्याजोगी असते. बार्लीवाइनचं, म्हणजे वाइनच्या तोडीच्या कडक बीअरचं, तसं नाही. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीच्या रसाची पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०९० च्या वर असलेली बीअर मार्च-एप्रिलमध्ये चुलीवर चढली पाहिजे, नाहीतर डिसेंबरात ती नुसती घसा जाळते. ऑस्ट्रियातली सामिखलाउस ही १४ टक्क्यांची लागर (गारव्यात सावकाश आंबणारी बीअर) वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, सेंट निकोलसच्या दिवशी करतात, ती पुढच्या नाताळसाठी. आयपीएचा, म्हणजे हॉप्सच्या फुलांनी कडू आणि सुगंधी केलेल्या बीअरचा, हिशेब बरोबर याच्या उलटा. हॉप्सचा वास आठवड्यागणिक उडत जातो, त्यामुळे ती जितकी उशिरा बाटलीत जाईल तितकी बरी, आणि भेट देताना 'जपून ठेव' असं चुकूनही म्हणू नये. ऑगस्टमध्ये भरलेली गढूळ आयपीए डिसेंबरात उघडली तर रंग करपट आणि चव शिळ्या मधासारखी, हे ठरलेलंच.

मसाल्याच्या बीअरचा मोह या दिवसांत सगळ्यांनाच होतो. दालचिनी, जायफळ, आलं, संत्र्याची साल. यातलं लवंगेसारखं दगाबाज दुसरं काही नाही. १९ लिटरला दोन-तीन लवंगा पुरतात, आणि दहा टाकल्या तर दातांच्या दवाखान्याचा वास येतो, तो पुढं कशानंही जात नाही. उकळत्या वर्टमध्ये (धान्याच्या न आंबलेल्या गोड रसात) अंदाजानं मसाले टाकण्यापेक्षा ते आठवडाभर थोड्या व्होडकात भिजत घालावेत. बाटल्या भरण्याच्या दिवशी १०० मिली बीअरमध्ये हा अर्क पिपेटनं ०.१ मिलीच्या हिशेबानं वाढवत चाखायचा. समजा ०.२ मिलीला चव जमली, तर लिटरला २ मिली आणि १९ लिटरला ३८ मिली. मात्र जिथं 'आता कळतंय' असं वाटतं त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावं, कारण एका घोटाला जो मसाला मजेदार वाटतो तो अख्ख्या ग्लासला जड होतो.

आता खरी जोखीम: गॅस. स्वतःच्या घरातली बाटली उसळली तर फरशी पुसून विषय संपतो. भेट दिलेली बाटली दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उसळते, आणि फुटली तर काचा त्याच्या कपाटात. बाटलीत गॅस भरतो तो प्रायमिंगच्या, म्हणजे बाटल्या भरताना घातलेल्या साखरेनं. तो व्हॉल्यूममध्ये मोजतात: एक व्हॉल्यूम म्हणजे बीअरच्या आकारमानाइतकाच गॅस. २० अंशांवर आंबलेल्या बीअरमध्ये मुळातच ०.८५ व्हॉल्यूमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. लिटरमागे ४ ग्रॅम साधी साखर घातली की त्यात साधारण एक व्हॉल्यूम वाढतो. २.४ व्हॉल्यूम हवे असतील तर १९ लिटरला ११५ ते १२० ग्रॅम साखर, वाटीभर पाण्यात उकळून. हा पाक आधी बादलीत ओतायचा आणि त्यावर बीअर नळीनं सोडायची, मग हलक्या हातानं दोन वळसे. ढवळायचा कंटाळा केला तर वरच्या बाटल्या निपचित आणि तळच्या फसफसणाऱ्या निघतात, आणि नेमकी तळची बाटली सगळ्यांत खवचट मित्राकडे जाते.

पण साखरेच्या चुकीपेक्षा मोठी चूक असते अर्धवट आंबलेली बीअर भरण्याची. हायड्रोमीटरवरचा (ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या नळीवरचा) एक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत आंबला तर गॅस अर्ध्या व्हॉल्यूमनं वाढतो. १.०१२ वर थांबणारी बीअर उतावळेपणानं १.०१६ वर भरली, तर ठरवलेल्या २.४ मध्ये आणखी दोन मिसळून ४.४ होतात. साध्या बाटलीला तीनच्या वर नेऊ नये. जाड काचेच्या बेल्जियन धाटणीच्या बाटल्यांचं वेगळं. म्हणून तीन दिवस ओळीनं तोच आकडा दिसल्याशिवाय भरायला घेऊ नये. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी २०० मिली वर्ट बाजूला काढून त्यात भरपूर यीस्ट घालायचं आणि उबेला ठेवायचं. ते दोन-तीन दिवसांत आंबून मोकळं होतं आणि मोठ्या भांड्यातली बीअर शेवटी साधारण कुठं थांबणार ते आधीच सांगून टाकतं. सेझॉन या बेल्जियन बीअरच्या काही यीस्टमध्ये डेक्स्ट्रिनही (बाकीच्या यीस्टना न पचणारे पिष्टाचे तुकडे) हळूहळू फोडून खाण्याची खोड असते. ते नळीत किंवा नळाच्या खाचेत राहून गेलं की पुढच्या, अगदी वेगळ्या बीअरच्या बाटल्या दोन महिन्यांनी उसळायला लागतात. अशा यीस्टसाठी नळ्या वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या.

जड बीअरची तक्रार नेमकी विरुद्ध. सात-आठ महिने ताटकळलेलं यीस्ट दहा टक्के अल्कोहोलमध्ये इतकं थकलेलं असतं, की साखर तशीच पडून राहते आणि नाताळला गोड, निर्जीव सरबत उघडतं. भरताना १९ लिटरला २ ग्रॅम ताजं सुकं यीस्ट घातलं तर ही फजिती टळते. आणि कुठलीही बीअर असो, प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची भरावी. ती दाबून पाहिली की आतल्या गॅसचा अंदाज येतो. दगडासारखी लागली तर काचेच्या बाटल्या लगेच थंडीत हलवाव्यात आणि वाटप थांबवावं.

केगमधून (दाबाखाली बीअर साठवायच्या पिंपातून) भरलेली बाटली गाळाशिवाय स्वच्छ दिसते, म्हणून भेटीला लोकांना ती आवडते. बाटली आधी फ्रीजमध्ये गार करावी, केगचा दाब २-३ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) आणावा, नळी तळापर्यंत घालून भरावं आणि तोंडाशी आलेल्या फेसावरच झाकण दाबावं, म्हणजे मानेत हवा उरत नाही. तरीही या बाटलीत हवेतला ऑक्सिजन खायला जिवंत यीस्ट फारसं नसतं. तिच्यावर 'फ्रीजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा' असं लिहिणं भाग आहे.

लेबलावर लोक रात्री जागवतात. बीजेसीपीच्या (बीअरचे परीक्षक प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) परीक्षणात ५० पैकी रूपाला गुण ३ आणि तेही बीअरच्या रूपाला, लेबलला शून्य, हे माहीत असूनही. असो, हौसेला मोल नाही. साध्या कागदावर लेसर प्रिंटरनं छापावं (इंकजेटची शाई ओघळते), मागून ब्रशनं दुधाचा हात फिरवावा आणि बाटलीवर दाबून वाळू द्यावं. वाळलं की पक्कं बसतं आणि पाण्यात टाकलं की पाच मिनिटांत सुटतं. चित्र काहीही असो, मजकुरात चार गोष्टी हव्यात: बीअरचा प्रकार, टक्के, भरल्याची तारीख आणि कधीपर्यंत प्यावी. पाचवी सूचना तोंडी दिली तरी चालेल, पण द्यावी. बाटली दोन दिवस उभी ठेवून गार करायची, एका दमात ओतायची आणि तळचा बोटभर गाळ बाटलीतच सोडायचा. हे ज्याला माहीत नाही तो तीनदा थांबून थांबून ओततो, गाळ वर येतो आणि वर 'गढूळ होती' असं कळवतो.

बाटली तपकिरीच असावी. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून येणारा उजेड हॉप्सच्या कडवट घटकांची मोडतोड करतो आणि बीअरला तो सुप्रसिद्ध स्कंकचा (दुर्गंधी फवारणाऱ्या अमेरिकी प्राण्याचा) वास लागतो. उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. थंडीच्या मुलखात आणखी एक भान ठेवावं: पाच टक्क्यांची बीअर उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठायला लागते, तेव्हा गाडीच्या डिकीत रात्रभर राहिलेली भेट सकाळी काचांसकट बर्फ होऊन निघू शकते.

आणि मग चाखायची बैठक. बारा जणांच्या बारा बीअर समोर असल्या की पहिला मोह ग्लास भरण्याचा. ६० मिली पुरे. एका ३३० च्या बाटलीत पाच जणांचं भागतं, आणि सरासरी आठ टक्के धरले तरी बारा चवींत सुमारे ५८ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, म्हणजे वाहन चालवण्याचा प्रश्नच मिटला. हलकी आधी, जड नंतर. कडू आयपीए आणि आंबट बीअर शेवटाकडे, नाहीतर मधल्या बिचाऱ्या लागरला कुणी ओळखही दाखवत नाही. ग्लास साबणाचा अंश न राहिलेले, कारण तो फेस मारतो. बार्लीवाइन फ्रीजमधून थेट न देता १२-१४ अंशांवर येऊ द्यावी. गारठ्यात गुणही लपतात आणि दोषही, आणि काही जण मुद्दाम बर्फगार बाटली का आणतात ते जाणत्यांना कळतं.

घोट घेण्याआधी वास घ्यायचा, कारण फेसाबरोबर पहिल्या मिनिटात जे वर येतं ते पुन्हा येत नाही. आणि बोलायचं ते नेमकं. 'छान आहे' या शब्दांचा करणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. 'ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते' म्हटलं की त्याला उमगतं, की भरताना हवा लागली. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बीअर यीस्टवरून लवकर उतरवली. उकडलेल्या मक्याचा म्हणजे उकळताना झाकण लावून ठेवलं होतं किंवा वर्ट गार करायला उशीर झाला. औषधी पट्टीसारखा वास आला तर बहुतेक नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचं राहिलं. चहाचा चोथा चावल्यासारखी जीभ आकसली तर धान्य फार गरम पाण्यानं धुतलं. लोण्याचा वास सगळ्यांत फसवा, कारण तो भरताना नसतो आणि बाटलीत महिनाभरानं प्रकट होतो. त्याचा पूर्वघटक बीअरमध्ये गुपचूप बसलेला असतो. तो आहे का ते पाहायचं तर भरण्याआधी दोन नमुने घ्यावेत, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवावा, गार करावा आणि दुसऱ्याशी ताडून पाहावा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर बीअर यीस्टवर आणखी तीन-चार दिवस उबेत राहू द्यावी, ते तो खाऊन टाकतं. काहींच्या नाकाला हा वास मुळात येतच नाही, आणि असे लोक पिढ्यान्‌पिढ्या लोण्याच्या वासाची बीअर वाटत राहतात.

दुसऱ्याच्या ग्लासातलं कुसळ इथं प्रत्येकाला दिसतं. स्वतःचं मुसळ दिसावं म्हणून एक साधी युक्ती आहे: बाटल्या कागदात गुंडाळून नुसते आकडे टाकायचे आणि त्यात आपलीही मिसळायची. आपल्याच बीअरला 'ही कुणाची बुवा, जरा घोड्याच्या घामासारखी' म्हणणारे महाभाग दर बैठकीत एक तरी सापडतात.

शक्य असेल तर भेट जोडीनं द्यावी, एक आता उघडायला आणि एक वर्षानं. आणि त्याच घाण्यातली एक जामीन म्हणून स्वतःकडे, झाकणावर भरल्याचा क्रमांक लिहून. मित्राची बाटली बिघडली असं कळलं की जामीन उघडायचा. तोही तसाच निघाला तर दोष आपल्या हाताचा. तो ठणठणीत असेल तर बिघडलेली ती एक बाटली नीट धुतलेली नव्हती, किंवा ती मित्राकडे चुलीशेजारच्या फळीवर उभी होती.

रिकाम्या बाटल्या मात्र परत कराव्यात, आणि प्यायल्याबरोबर तीनदा खंगाळून. तळाशी वाळून खडक झालेला गाळ सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवला तरी ब्रशला दाद देत नाही. अशा बाटल्या पाठवणाऱ्याच्या वाट्याला पुढच्या डिसेंबरात एक बाटली कमी येते, आणि का ते त्याला कुणी सांगत नाही.